पुरात बुडालेली इम्पल्स, उद्यमनगरातलं गॅरेज आणि एक्केचाळीस दिवसांचा हिशेब

आधीच सांगते, मला गाड्यांतलं काही कळत नाही. शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीत मी हिशेब लिहिते, सव्वीस वर्षं झाली. ढेप नुसती बघून गूळ कुठल्या भावाला जाईल ते सांगीन, पण कार्बोरेटर कशाशी खातात हे मला या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. तरी हे लिहायला बसले, कारण मुलाची चार वर्षं बंद पडलेली गाडी मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात नेली आणि तिथं मला पहिल्यांदा सरळ उत्तर मिळालं. दुरुस्त करून विकावी की आहे तशी फुंकून टाकावी, एवढाच माझा प्रश्न होता. चार वर्षांत ज्याला विचारलं त्याने उत्तराऐवजी भाव सांगितला होता.

गाडी हिरो इम्पल्स, मे २०१२ ची. मुलाचे मित्र म्हणतात ही काही खरी डर्ट बाईक नव्हे. खरीला दिवा नसतो, हॉर्न नसतो, पासिंग होत नाही, ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची आणि तिथंच चालवायची. असेल. पण उंच मडगार्ड, लांब शॉकॲब्झॉर्बर, पुढं एकोणीस इंची चाक, आणि माझे पाय टेकत नाहीत एवढी उंची, हे सगळं असल्यावर आमच्या घरात तिला डर्ट बाईकच म्हणायचे. २०११ च्या शेवटी ती बाजारात आली आणि काही वर्षांतच कंपनीने बंद केली. पुढं २०१९ ला एक्सपल्स आली, ती मोठी, दोनशे सीसीची. मुलगा हिच्यावरून चिखल तुडवत मसाई पठारापर्यंत जायचा. पठारावरच्या फुलांवर चाकं घालणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. पण तो विषय वेगळा.

गाडी बंद पडली ती जुलै २०२१ च्या पुरात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आमच्या नागाळा पार्कातल्या बिल्डिंगनं २०१९ चा पूर भोगलेला, त्यामुळे या वेळी सगळ्यांनी वेळेत गाड्या हलवल्या. माझी स्कूटी भावाकडे राजारामपुरीत गेली. इम्पल्सचं मात्र हँडल लॉक, आणि चावी पुण्यात मुलाच्या कपाटात. तो निघायला तयार होता, पण तोवर शिरोलीला हायवेवर पाणी आलेलं. चौघा वॉचमन-शेजाऱ्यांनी ओढत ओढत ती त्यातल्या त्यात उंच कोपऱ्यात नेली. पाणी सीटला टेकलं आणि तीन दिवस तसंच उभं राहिलं.

पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढण्यात पंधरा दिवस गेले. गाडीचं कोणाला सुचतंय? मग एक मेकॅनिक घरी बोलावला. कोण, कुठला, ते सोडून देते. त्याने काही न उघडता, काही न काढता, दणादण सात-आठ किका मारल्या. शेवटी कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, इंजिन गेलं, पंचवीस हजार लागतील, नाहीतर मला द्या, मी आठ हजारात उचलतो. जी वस्तू गेली म्हणतो तीच विकत मागतो, हे आमच्या यार्डातही चालतं, त्यामुळे मी दिली नाही. पण दुरुस्तही केली नाही. गाडी कोपऱ्यात उभी राहिली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर सोसायटीची मांजर.

यंदा सोसायटीने पार्किंगचे पट्टे नव्यानं मारायचे ठरवले आणि सेक्रेटरींनी बंद गाड्या हलवा म्हणून चिठ्ठी लावली. भंगारवाल्याने सहा हजार सांगितले. मोबाईलवर जाहिरात टाकली तर एकानं ‘जशी आहे तशी’ नऊ हजार सांगितले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, नऊ तर नऊ, देऊन टाक." त्याच्या आवाजावरून कळत होतं की द्यायची नाहीये.

उद्यमनगराचा पत्ता मला आमच्या अडतीत येणाऱ्या एका गुऱ्हाळवाल्याने दिला. त्याच्या चरकाचं काम तिकडंच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतीची ऑईल इंजिनं आणि उसाचे चरक यांच्या जिवावर कोल्हापुरात लेथ आणि फौंड्रीचं काम वाढलं, आणि उद्यमनगरात आजही एका गल्लीत ओतकाम, दुसरीत बोअरिंग, तिसरीत गिअर कापणारा, असं सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. हे गॅरेज अशाच एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पाटी नाही. मालक आणि मिस्त्री एकच, पंचेचाळिशीचा माणूस, हाताखाली दोन पोरं. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. "आधीच गर्दी लई हाय, मावशी."

मी पहिल्यांदा गेले ती गाडी न घेताच. म्हटलं आधी माणूस बघू. मी सगळी पुराची कथा सांगितली, त्यांनी ती मान खाली घालून एका स्कूटरचं चाक बसवत ऐकली, आणि पहिला प्रश्न विचारला तो गाडीबद्दल नव्हताच.

"आरसी आणलाय?"

मला वाटलं चोरीची आहे का बघतायत. तसं नव्हतं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा काढून, मोबाईल नाकाजवळ धरून वाचला. मे २०१२ म्हणजे पंधरा वर्षांची मुदत मे २०२७ ला संपते. त्यानंतर पुन्हा तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर. घेणारा ते सगळं धरूनच भाव पाडणार. "दीड वर्ष ऱ्हायलंय. विकायची तर याच थंडीत, नाहीतर ठेवायची." दुसरं, खाली बारीक अक्षरात अजून बँकेचं नाव होतं. कर्ज २०१४ ला फिटलेलं! पण बँकेचा बोजा आरटीओच्या कागदावरून कुणी उतरवलाच नव्हता. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय तो उतरत नाही, आणि तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. तिसरं, गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे नवी सुरक्षा नंबर प्लेट लागणार. ती नसेल तर ट्रान्स्फर अडते.

"इंजिनचं नंतर बघू. कागद होणार नसतील तर इंजिनात एक रुपाया घालायचा न्हाई."

मी सव्वीस वर्षं हिशेब लिहिते आणि हे मला सुचलं नव्हतं. तिथंच मला हा माणूस पटला. बँकेत अर्ज दुसऱ्या दिवशी टाकला.

गाडी न्यायला छोटा हत्ती सांगणार होते, तर मिस्त्रींनी एक पोरगं पाठवलं. मी स्वतः इम्पल्सवर बसायचं म्हटलं तर शक्यच नव्हतं, म्हणून आमच्या वॉचमनचा मुलगा बसला आणि गॅरेजच्या पोरानं मागून पायानं टोचन देत नागाळा पार्कातून उद्यमनगरापर्यंत नेली. मी मागून स्कूटीवर, जीव मुठीत धरून. दोनशे रुपये.

आता कामाची पद्धत सांगते, कारण या गॅरेजची खरी वाखाणणी तिथंच आहे. मिस्त्रींनी एकूण खर्चाचा आकडा सांगायला साफ नकार दिला. म्हणाले, आधी फक्त बोलती करू, चालवायची नंतर. काम चार टप्प्यांत होईल, प्रत्येक टप्प्यानंतर मी फोन करीन, तुम्ही म्हणाल तिथं थांबू. थांबलो तर तोवरचेच पैसे द्यायचे, गाडी सुट्या भागांसकट परत न्यायची. पहिल्या टप्प्याचे, म्हणजे नुसत्या तपासणीचे, पाचशे.

पाचशे रुपयांत काय झालं ते मी समोर उभी राहून बघितलं. खालचा बोल्ट काढून इंजिन ऑईल सोडलं. आधी पाणी आलं, चक्क पाणी, वाटीभर. मग चहासारखं दुधाळ ऑईल, जाड, दोरीसारखं लोंबत. ऑईलमध्ये पाणी घुसळलं की असंच होतं म्हणे. मग स्पार्क प्लग काढला. किक मारून बघितली नाही, हात लावून बघितली. दगड! जागची हलेना. पिस्टन आत गंजून बसलेला.

इथं मिस्त्रींनी मला त्या जुन्या सात-आठ किकांचा हिशेब समजावला. इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोरात किक मारली किंवा सेल्फ दिला तर पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो. वाकला असेल तर इंजिन पूर्ण फोडावं लागणार, मग विषय संपला. आमच्या नशिबानं वाकला नव्हता, पण ते पुढं कळलं. पूर उतरल्या उतरल्या कुणी प्लग काढून पाणी बाहेर काढलं असतं, जुनं ऑईल सोडून नवं घातलं असतं आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल आत सोडलं असतं, तर दीड-दोन हजारात गाडी सुटली असती. नदीकाठच्या सगळ्यांनी हे लिहून ठेवा. किक मारू नका, सेल्फ देऊ नका, आधी प्लग काढा.

प्लगच्या भोकातून रॉकेल आणि ऑईल मिसळून ओतलं आणि गाडी भिंतीला लावून ठेवली. रोज सकाळी पोरगं यायचं, टॉप गिअर टाकायचं आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं करायचं. जोर लावायचा नाही, नुसतं झुलवायचं. मिस्त्री त्याला ओरडायचे, "कुस्ती न्हाई करायची, मालिश करायची." मी अडतीतून जाता-येता दोनदा डोकावले. काही होत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ही सगळी टंगळमंगळ वाटली. नवव्या दिवशी दुपारी फोन आला, मागं कसला तरी दंगा, आणि मिस्त्री एवढंच म्हणाले, "सुटली."

दुसरा टप्पा मला सगळ्यात आवडला, कारण तो अगदी आमच्या ताळेबंदासारखा होता. प्लगच्या जागी घड्याळासारखा काटा असलेला, हवेचा दाब मोजणारा गेज लावला आणि किक मारली. काटा ७० वर अडला. चांगल्या इंजिनात याच्या दुपटीच्या आसपास यायला पाहिजे, असं मिस्त्री म्हणाले. म्हणजे हवा कुठून तरी गळतेय. एकतर पिस्टनच्या रिंगांजवळून, नाहीतर वरच्या व्हॉल्व्हमधून. कुठून ते न उघडता कसं कळणार? तर त्यांनी आत चमचाभर ऑईल सोडलं आणि परत किक मारली. काटा ११० वर गेला. ऑईल पिस्टनच्या कडेनं बसून तिथली फट बुजवतं, व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही. ऑईल घातल्यावर आकडा वाढला म्हणजे गळती रिंगांपाशी. वाढला नसता तर व्हॉल्व्ह. मी अक्षरशः टाळी वाजवली. पोरं हसली.

मग हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचं झाकण, काढलं. सिलिंडरच्या आत, पिस्टन चार वर्षं जिथं थांबला होता त्या उंचीवर, गंजाची एक गोल कडी होती. नखाला लागत होती. रॉडला प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता, सरळ होता, खालची बेअरिंगं फिरवून ऐकली, आवाज नव्हता. ऐकणं म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला.

फोन आला. इथं थांबायचं का पुढं? थांबलात तर गाडी ‘इंजिन उघडलेली’ म्हणून जाईल, नऊ हजारही येणार नाहीत, सात येतील. पुढं गेलात तर अजून साडेपाच हजार या टप्प्याला, आणि नंतरच्या दोन्ही टप्प्यांना मिळून आठ-साडेआठ. म्हणजे एकूण पंधराच्या आत. चालू इम्पल्स, कागद साफ असेल तर, तीसच्या पुढं जाते. मी रात्रभर विचार करून हो म्हटलं असं लिहायला बरं वाटलं असतं. मी फोनवरच हो म्हटलं.

सिलिंडर दोन गल्ल्या सोडून बोअरिंगवाल्याकडे गेला. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७.३ मिलिमीटर. गंजाची कडी जाईपर्यंत आतून थोडं खरवडायचं, होनिंग करायचं, म्हणजे आतून बारीक घासायचं, आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा. हे इंजिन सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंक या हिरोच्याच गाड्यांच्या घराण्यातलं, १४९.२ सीसीचं, त्यामुळे पिस्टन-रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेटा असलं सामान मिळतं. मला वाटलं होतं बंद झालेल्या गाडीचं काहीच मिळणार नाही. इंजिनाचं मिळतं, अंगावरचं मिळत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची रडारड त्याचीच आहे.

तिसऱ्या टप्प्यात पेट्रोलचा रस्ता आणि वीज. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्याची वाटी उघडली तर तळाला पिवळट हिरवा डिंक आणि त्यात पंचगंगेची माती. केसाएवढं भोक असलेला एक जेट असतो, गाडी जागेवर चालू राहते ती त्याच्याच जिवावर, तो पूर्ण बुजलेला. टाकीत आतून गंज. पेट्रोलमधल्या इथेनॉलचं गणितही इथं कळलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात, तिथं पत्रा गंजतो. आता तर वीस टक्के इथेनॉल. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं, आमच्याच कारखान्यांतलं, आणि गंज आमच्याच टाकीला. मी हे बोलून दाखवलं तर मिस्त्री म्हणाले, "मग गूळच खायचा, मावशी." आठवड्यातून एकदा तरी चालवायची आणि महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून ठेवायचं, एवढा त्यावरचा उपाय.

वायरिंगबद्दल मला धास्ती होती. निघालं मात्र थोडक्यात. जोडण्या हिरव्या पडलेल्या, त्या घासल्या, सीडीआय, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा डबा, वाचला होता, बॅटरी आणि प्लग नवे. क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून भाकरीसारख्या एकजीव झालेल्या, त्या बदलल्या. इंजिन ऑईल तीन वेळा घातलं: पहिलं नुसतं आतलं धुवायला, दुसरं पन्नास किलोमीटर चालवून काढून टाकायला, तिसरं खरं.

आणि मग गाडी बोलली. सत्ताविसावा दिवस होता. चौथ्या किकेला एकदा फटकन वाजली, सातवीला धरली. जाळ अन् धूर संगटच! शेडमध्ये एवढा पांढरा धूर झाला की समोरचा वेल्डिंगवाला बघायला आला. सायलेन्सरमध्ये साठलेलं रॉकेल-ऑईल-पाणी जळत होतं. दहा मिनिटांनी धूर निवळला. मी व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. त्याने तीन वेळा फोन केला, मला आवाजात ऐकू आलाच नाही.

चौथ्या टप्प्यात मिस्त्रींशी माझं वाजलं. मला वाटत होतं आता रंग मारावा, स्टिकर नवे लावावेत, सीट कव्हर बदलावं, गाडी चकाचक दिसली की भाव येईल. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "रंगावर दमडी घालू नगा. पुरातली गाडी रंगवली की लोकास्नी वाटतं झाकलंय." त्याऐवजी पुढचा डिस्क ब्रेक जाम होता तो खोलला, क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबली बदलल्या आणि पुढच्या शॉकॲब्झॉर्बरची ऑईल सीलं घातली. टायर जुने होते, ते तसेच ठेवले. घेणारा स्वतःच्या आवडीचे घालतो, डर्टवाले तर हमखास, मग आपण का घाला? चेन-स्प्रॉकेट अर्धं झिजलेलं, तेही तसंच, फक्त घेणाऱ्याला सांगायचं. ब्रेकच्या बाबतीत मात्र चर्चाच नाही. माझ्या हातून बिनब्रेकची गाडी बाहेर जात नाही, हे त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, म्हणजे गंभीर होतं.

आता तक्रारी, कारण त्या आहेत.

फोन. हा माणूस स्वतः फोन करतो, पण आपला फोन उचलत नाही. सकाळी दहाच्या आत नाही, दुपारी जेवणाच्या वेळी नाही, संध्याकाळी तर नाहीच. शॉकॲब्झॉर्बरच्या सीलांसाठी बारा दिवस गाडी अडून राहिली. कोल्हापुरात मिळाली नाहीत, बाहेरगावाहून मागवली, एकदा चुकीची आली, परत पाठवली. हे सगळं मला शेवटी कळलं. बारा दिवस मी एवढंच ऐकत होते की ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती’. ‘पंधरा-वीस दिवसांत देतो’ म्हणालेली गाडी एक्केचाळीस दिवसांनी मिळाली.

दुसरं, हाताखालच्या पोराने ऑईलचा बोल्ट आवळताना आटे मारले, आणि ऑईल ठिबकायला लागलं. मिस्त्रींनी ते स्वतः सांगितलं, नवे आटे पाडून घेतले आणि बिलात धरलं नाहीत. त्यामुळे तक्रार म्हणू की नको हे माझं मलाच ठरत नाही. पोराला माझ्यादेखत झापला नाही, हेही मी बघितलं.

तिसरं, बिल. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर लिहिलेलं. पक्कं बिल मिळत नाही, ज्यांना लागतं त्यांनी जाऊ नये. मी ते पाकीट घरी आणून वहीत उतरवलं:

तपासणी आणि टोचन, ७०० रुपये.
पिस्टन-रिंगा, गॅस्केट, बोअरिंग, व्हॉल्व्ह घासणं आणि त्याची मजुरी, ५,४००.
कार्बोरेटर किट, टाकी धुणं, कॉक-पाइप, एअर फिल्टर, प्लग, बॅटरी, क्लच प्लेटा, तीनदा ऑईल, ४,९७०.
ब्रेक, सीलं, केबली, मजुरी, ३,१५०.
एकूण १४,२२०.

‘पंधराच्या आत’ म्हणाले होते, आत बसलं. बेरीज त्यांची ऐंशी रुपयांनी कमी आली होती, ती मी दुरुस्त करून दिली. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे. मी म्हटलं, आमच्या अडतीत ऱ्हाऊ देत नाहीत.

बिलासोबत एक गोणपाटाची पिशवी दिली. तिच्यात काढलेले सगळे जुने भाग: गंजलेला पिस्टन, रिंगा, चिकटलेल्या क्लच प्लेटा, बुजलेला जेट एका काडेपेटीत. मला वाटलं भंगारात घालायला दिली. नाही. "घेणारा आला की आधी ही पिशवी पुढं करायची. मग गाडी."

तसंच केलं. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं की गाडी २०२१ च्या पुरातली आहे. सात-आठ फोन तिथंच तुटले. एकजण बघायला आला, पूर ऐकून पाठ फिरवली. दुसरा गारगोटीकडचा तरुण, स्वतःची इम्पल्स आधीच असलेला, दुसरी सुट्या भागांसाठी बघत होता. त्याने पिशवी फरशीवर ओतली, पिस्टनवर अंगठा फिरवला, बोअरिंगवाल्याचं नाव विचारलं, आणि मग गाडीला किक मारली. दुसरीला चालू. आठ मिनिटं कान लावून बसला. म्हणाला, ही सुट्या भागांसाठी कशाला फोडू, चालवीन की. बत्तीस हजार. चेन-स्प्रॉकेट आणि टायरचं मी आधीच सांगितलं होतं, त्यावर त्याने घासाघीस केली नाही. दोन हजार विसार दिला, बाकी नावावर झाल्यावर.

हिशेबवालीला राहवत नाही, म्हणून पुढचं गणितही मांडते. बत्तीस हजारांतून १४,२२० गेले. विमा नव्यानं काढला, पीयूसी, नंबर प्लेटचे ५३१, असे कागदांवर दोन हजार धरा. हातात राहिले १५,७८०. नऊ हजारात तशीच दिली असती तर त्यापेक्षा ६,७८० जास्त. एक्केचाळीस दिवसांनी भागलं तर दिवसाला १६५ रुपये. उद्यमनगरापर्यंतच्या माझ्या खेपा आणि न उचललेले फोन यात धरलेले नाहीत. नुसत्या पैशासाठी कुणी हे करत असेल तर मी कर म्हणणार नाही. रॉड वाकलेला निघाला असता तर सातशेवर थांबून मी ती सात हजारात देऊन टाकली असती, आणि मला त्याचंही वाईट वाटलं नसतं. मला चार वर्षं टोचत होतं ते वेगळंच. घरात एक वस्तू मेली आहे की नुसती झोपली आहे, हेच माहीत नव्हतं.

मुलगा शनिवारी आला. गाडी घेऊन पहाटेच पन्हाळ्याकडे गेला, अकराला परत आला. चाकं लाल चिखलानं भरलेली, या थंडीत चिखल कुठून शोधून काढला कोण जाणे. चावी टेबलावर ठेवली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, चहा मागितला. मी विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, "त्या गारगोटीच्या पोराला सांग, थंडीत पहिल्या मिनिटाला चोक सोडू नको म्हणून." बँकेचं पत्र अजून यायचंय, तोवर गाडी पट्ट्यांच्या आत नीट उभी आहे. मांजर नव्या जागेच्या शोधात आहे.

गॅरेजला पाचपैकी चार. एक तारा फोनचा कापला, ते सांगायला फोन केला तर मिस्त्री उचलतील की नाही सांगता येत नाही. शोधायचं असेल तर उद्यमनगरात शिरून कुठल्याही बोअरिंगवाल्याला विचारा, ‘पत्र्याच्या शेडमधले, बिनपाटीचे’. जाताना आरसी न्या, विमा न्या, आणि जमलं तर एक घडीची खुर्ची न्या. बसायला तिथं एक पेट्रोलची टाकी आहे, तिच्यावर मी बसले होते. कुणाची होती, माहीत नाही.